टेबल मोकळं, माईक छताला

नव्या कॉन्फरन्स रूमचं थ्रीडी चित्र पाहिलंत तर त्यातलं टेबल नेहमी रिकामं असतं. बारा खुर्च्या, भिंतीवर मोठा पडदा, एका बाजूला काचेचं दार, टेबलावर फार तर एखादी फुलदाणी. माईक नाही, वायर नाही. आर्किटेक्टला त्या खुपतात, साहेबांना तोंडासमोर दांडा नको असतो, आणि टेबलावरच्या माईकवर कधीतरी चहा सांडतोच, हेही खरं. मग ठरतं की माईक छताला लावायचे. वरून वायर खाली आणायची, मिक्सरला जोडायची, झालं काम.

जोडायचं काम खरोखरच एका दुपारचं आहे. पण पुण्यातल्या त्या बैठकीला नाशिकहून जोडलेला माणूस पुढे कित्येक वर्षं "सर, आवाज विहिरीतून येतोय" असं सांगत राहतो, आणि त्याचं कारण जोडणीत क्वचितच सापडतं. ते सापडतं माईक आणि तोंड यांच्यातल्या अंतरात. तरीही आधी जोडणी उरकून घेऊ, कारण तीही लोक चुकवतात.

छताला टांगायचे किंवा छतात बसवायचे छोटे माईक जवळजवळ सगळे कंडेन्सर जातीचे, त्यातही इलेक्ट्रेट. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ साली प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर विद्युतभार कायमचा बसवून हा माईक केला. तो इतका लहान आणि स्वस्त झाला की टेपरेकॉर्डरपासून टेलिफोनपर्यंत सगळीकडे शिरला. पापुद्र्यावरचा भार कायमचा असला तरी माईकच्या पोटातल्या चिमुकल्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज लागतेच, आणि ती मिक्सरकडून त्याच वायरीतून वर जाते. मिक्सरवर '+४८' असं लिहिलेलं बटण असतं ते यासाठी. साउंडवाले या विजेला नुसतं 'फॅन्टम' म्हणतात.

४८ हाच आकडा का, याची गोष्ट नॉर्वेतली आहे. १९६६ साली नॉर्वेच्या सरकारी नभोवाणीला ट्रान्झिस्टरवर चालणारे नवे माईक हवे होते आणि प्रत्येक माईकमागे वेगळा वीजपुरवठ्याचा डबा नको होता. हिवाळ्यात तिथे दिवस जेमतेम उजाडतो, म्हणून स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. जर्मनीच्या नॉयमन कंपनीने तीच वापरून 'केएम ८४' हा माईक दिला, आणि आज सांगलीच्या एखाद्या बँकेच्या सभागृहातलं मिक्सरही तोच आकडा पुरवतं.

यामागची युक्ती साधी आहे. माईकच्या एक्सएलआर कनेक्टरला तीन पिना असतात. पहिलीवर जाळी म्हणजे शील्ड, दुसरी आणि तिसरीवर आवाज. मिक्सर या दोन्ही पिनांवर प्रत्येकी ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून सारखेच ४८ व्होल्ट देतं. आवाज म्हणजे या दोन पिनांमधला फरक. दोन्हीवर व्होल्टेज सारखंच असल्यामुळे वीज आवाजात मिसळत नाही. माईकने ५ मिलिअँपिअर ओढले तर प्रत्येक रेझिस्टरमध्ये १७ व्होल्ट खर्च होतात आणि माईकपाशी ३१ उरतात. बहुतेक छतमाईकांना तेवढे पुरतात. पण एखादं स्वस्त मिक्सर मुळातच कमी व्होल्ट देत असेल, तर माईकचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय खरेदी करू नये. आणि फॅन्टम चालू-बंद करताना फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकत्या पट्ट्या, खाली असू द्याव्यात, नाहीतर स्पीकरमधून असा धडाका होतो की अध्यक्षांच्या हातातली बशी हलते.

हमखास होणारी एक चूक सांगतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली तयार वायर मिळते. ती घेऊन छतमाईक थेट कॉम्प्युटरला जोडला की माईक मुका राहतो. कॉम्प्युटरच्या त्या भोकातून जेमतेम काही व्होल्ट निघतात, तेही निराळ्या पद्धतीने. माईक बिघडलेला नसतो, उपाशी असतो. मध्ये मिक्सर हवं, किंवा फॅन्टम देणारा यूएसबी इंटरफेस.

वायर दोन तारा अधिक जाळी अशीच घ्यायची आणि दोन्ही टोकांना तीनही पिना नीट सोल्डर करायच्या. तारा पिळलेल्या असतात, त्यामुळे बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि मिक्सर फक्त फरक मोजत असल्याने तो वजा होतो. म्हणूनच शंभर मीटर लांबूनही माईकचे काही मिलिव्होल्ट शाबूत पोचतात. पण फॉल्स सीलिंगच्या वर इलेक्ट्रिशियन सगळ्या वायरी एकाच पाइपात कोंबतो. २३० व्होल्टची वायर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि माईकची वायर यांना शेजारी झोपवू नये. अंतर ठेवावं, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडावं.

एवढं करूनही 'घूं' असा आवाज आला तर तो बहुधा आपल्या विजेचा ५० हर्ट्झ किंवा त्याची दुप्पट असतो, आणि बहुतेक वेळा लॅपटॉप एका सर्किटवर, मिक्सर दुसऱ्यावर असल्याने दोन अर्थिंगमधून फिरत असतो. काही मंडळी तेव्हा लॅपटॉपच्या प्लगची अर्थिंगची पिन कापतात. घूं थांबतो खरा, पण उद्या कोणाला तरी शॉक बसायची सोय होते. सगळी उपकरणं एकाच सॉकेटपट्टीवर आणावीत किंवा लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकावा. तो माईकच्या वायरीत मात्र टाकू नये, कारण साधा ट्रान्सफॉर्मर फॅन्टम अडवतो.

आता खोलीकडे वळू.

८ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच अशी नेहमीची खोली घ्या. बसलेल्या माणसाचं तोंड जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर, म्हणजे माईक अगदी डोक्यावर असला तरी १.८ मीटर दूर. टेबलावरचा दांडीमाईक असता तर ४० सेंटिमीटरवर असता. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने पडतो, या हिशेबाने छतावरच्या माईकला १३ डेसिबल कमी मिळतात. गेन वाढवून ते भरून काढता येतील, पण एसीची घरघर आणि खुर्च्यांची करकरही तेवढीच वाढेल. शिवाय माणूस वर बोलत नाही, समोर बोलतो. स, श, त, क यांची धार असते वरच्या कंपनांत, आणि ती कंपनं डोक्याच्या दिशेने फारच कमी जातात. त्यामुळे छतावरून ऐकलेला आवाज मोठा केला तरी बोथटच राहतो.

मराठी नाटकवाल्यांना वरून लोंबणारा माईक नवा नाही. पण तिथे नट आवाज फेकतो, समोर पाहून बोलतो, आणि त्याला शब्दांची शेवटची अक्षरं न गिळण्याची तालीम दिलेली असते. कार्यालयातले लेखापाल हनुवटी छातीला टेकवून आकडे कागदाला वाचून दाखवतात. त्यांच्यावर तोच माईक लावून नाटकासारखा आवाज मागणं अन्यायाचं आहे.

दुसरा शत्रू म्हणजे खोलीचा घुमारा. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह निकामी ठरलं, कारण वक्त्याचा एक शब्द विरायच्या आत पुढचे कित्येक शब्द त्यावर चढत. वॉलेस सेबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञावर ते काम सोपवलं गेलं. त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या मांडत गेला आणि प्रत्येक वेळी आवाज किती सेकंदांनी विरतो ते मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं. खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतला एकूण शोषक पृष्ठभाग, म्हणजे घुमाऱ्याचे सेकंद.

आपल्या खोलीचं घनफळ १२० घनमीटर, सहा बाजूंचं क्षेत्रफळ १५८ चौरस मीटर. फरशी, काच, जिप्समचं गुळगुळीत छत आणि रंगवलेल्या भिंती मिळून सरासरी ८ टक्के आवाज शोषतात असं धरलं, तर घुमारा दीड सेकंद येतो. अशा खोलीत तोंडापासून अर्ध्या मीटरवरच थेट आवाज आणि घुमारा समसमान होतात. त्यापुढे घुमाऱ्याचं राज्य. एका दिशेने ऐकणारा कार्डिऑइड माईक हे अंतर १.७ पट लांबवतो, म्हणजे ८५ सेंटिमीटरच्या आसपास. आपला माईक आहे १.८ मीटरवर. मिक्सर कितीही महाग आणलं तरी हा हिशेब बदलत नाही.

बदलतो तो छत बदलल्यावर. जिप्समऐवजी आवाजाच्या ७० टक्के शोषणाऱ्या अकूस्टिक टाइल्स लावल्या आणि जमिनीवर कार्पेट घातलं, तर घुमारा अर्ध्या सेकंदाच्याही खाली येतो आणि कार्डिऑइडची पोच सुमारे १.६ मीटर होते. काम जवळजवळ जमलं. म्हणून मी म्हणतो की छतमाईकचं पहिलं बिल सुताराचं असावं, साउंडवाल्याचं नंतर. प्रत्यक्षात उलटं होतं. छत ठरलेलं असतं, पैसे संपलेले असतात, आणि मग मिक्सरवरच्या गोल बटणांकडून चमत्काराची अपेक्षा केली जाते.

'मग माईक वाढवू' हा पुढचा मोह. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की खोलीचा गोंगाट आणि घुमारा ३ डेसिबलने वाढतो, स्पीकरने शिट्टी मारायची वेळही तेवढीच जवळ येते. एकाचे आठ केले तर ९ डेसिबल गेले. त्यात एकच आवाज दोन माईकांत थोड्या थोड्या उशिराने शिरला तर काही स्वर एकमेकांना खोडतात आणि बोलणं पोकळ होतं. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे एवढ्याशा अंतराचाही परिणाम ऐकू येतो. माईक आणि तोंड यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या तिप्पट अंतर दोन माईकांत असावं हा जुना नियम आहे. १.८ मीटरच्या हिशेबाने ते साडेपाच मीटर होतात, आणि आपली खोलीच आठ मीटरची. बारा माणसांवर सहा माईक लावणाऱ्याने हा आकडा एकदा पाहावा.

एका वेळी ज्याची गरज तोच माईक उघडा ठेवणं, हा यावरचा उपाय. तो शोधला सॅन फ्रान्सिस्कोच्या डॅन ड्युगन यांनी. ते नाटकांचे ध्वनिसंयोजक होते, आणि 'हेअर' या संगीतनाटकात अनेक माईक हाताने वर-खाली करण्याची कसरत त्यांनी पाहिली होती. त्यांच्या स्वयंचलित मिक्सरला १९७६ साली पेटंट मिळालं. त्यात प्रत्येक माईकला त्याच्यापाशी आलेल्या आवाजाच्या प्रमाणात वाटा मिळतो आणि सगळ्यांचा मिळून गेन एका माईकएवढाच राहतो. आज हीच सोय बऱ्याच डिजिटल मिक्सरांत 'ऑटोमिक्स' नावाने असते. तीन-चार छतमाईक असतील तर तिच्याविना मिक्सर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२० नंतर कॉन्फरन्स रूम म्हणजे ऑनलाइन बैठक हे समीकरण झालं आणि एक नवी गुंतागुंत आली. नाशिकच्या माणसाचा आवाज आपल्या स्पीकरमधून येतो, छतमाईकात शिरतो, मिक्सरमधून परत नाशिकला जातो. त्याला स्वतःचंच बोलणं उशिराने ऐकू येतं आणि तो अडखळतो. मिक्सरवर पहिली काळजी ही, की कॉम्प्युटरकडून आलेला आवाज फक्त स्पीकरकडे जावा. माईकांचा आवाज ऑक्झिलरी आउटपुटमधून कॉम्प्युटरकडे पाठवायचा, आणि कॉम्प्युटरच्या चॅनलचं ऑक्झिलरी बटण शून्यावर ठेवायचं. माईक स्पीकरकडे मुळीच पाठवायचे नाहीत. बारा माणसांच्या खोलीत एकमेकांचं बोलणं तसंही ऐकू येतं. निम्म्या तक्रारी या दोन बटणांतच मिटतात.

उरलेल्या मिटवतो एको कॅन्सलर. स्पीकरला काय पाठवलं हे त्याला माहीत असतं, ते खोलीतून फिरून माईकात कसं येतं हे तो शिकतो आणि तेवढा भाग वजा करतो. पण ऑटोमिक्सने मधल्यामध्ये एक माईक मिटून दुसरा उघडला की त्याचं शिकलेलं फुकट जातं आणि एको पुन्हा डोकं काढतो. म्हणून चांगल्या यंत्रणेत प्रत्येक माईकला स्वतःचा कॅन्सलर असतो, तोही मिक्सिंगच्या आधी. साध्या अ‍ॅनालॉग मिक्सरला हे जमत नाही. तिथे डीएसपी, म्हणजे आवाजावर आकडेमोड करणारा डिजिटल प्रोसेसर, हवा. बैठकीच्या सॉफ्टवेअरमधल्या एकाच कॅन्सलरवर भागवायचं असेल, तर माईक दोनच ठेवावेत आणि मिक्सरला कोणी हात लावू नये.

अलीकडे छतात बसणारी चौकोनी किंवा गोल तबकडी मिळते. शूअरचा 'एमएक्सए ९१०' २०१६ साली आला; झेनहायझरच्या 'टीमकनेक्ट सीलिंग २'मध्ये २८ छोटे माईक आहेत. एकच आवाज प्रत्येक माईकपाशी किंचित वेगळ्या वेळी पोचतो. त्या वेळांची जुळवाजुळव करून तबकडी हव्या त्या खुर्चीकडे कान वळवते. ही खरी प्रगती आहे, पण किंमत लाखांत जाते, आणि जोडणीचा प्रकारच निराळा. आवाज बहुधा नेटवर्कच्या वायरीतून जातो, वीजही त्याच वायरीतून नेटवर्क स्विच देतो, आणि सिडनीच्या ऑडिनेट कंपनीची 'दांते' ही पद्धत बोलणारं मिक्सर किंवा डीएसपी खाली लागतं. जुन्या मिक्सरच्या एक्सएलआर भोकाशी तिचा संबंध नाही. हे न विचारता तबकडी आणली, तर ती छतात नुसतीच शोभते. आणि घुमाऱ्याचं गणित तिलाही चुकलेलं नाही. दीड सेकंदाच्या खोलीत तीही अर्धवटच चालते.

काम ताब्यात घेताना 'हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री' यावर समाधान मानू नका, कारण ते ओरडून म्हटलं जातं. एसी चालू ठेवा, प्रत्येक खुर्चीत एकाला बसवून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचायला सांगा, आणि दुसऱ्या इमारतीत बसून हेडफोनवर ऐका. लो-कट बटण दाबून एसीची घरघर किती उतरते पाहा. बसलेल्या प्रत्येक बटणाचा फोटो काढून मिक्सरच्या कपाटात आतून चिकटवा, कपाटाला कुलूप लावा. वायरींना दोन्ही टोकांना क्रमांक घाला. आणि सुतार छत बंद करण्याआधी प्रत्येक माईकच्या वर हात जाईल एवढं ट्रॅपडोअर ठेवायला त्याला सांगा. नंतर सांगितलंत तर तो पैसेही जास्त घेईल आणि भोकही चुकीच्या जागी पाडेल.