किनाऱ्याला न टेकलेले वादळ

कोल्हापूर हे सागरकिनाऱ्यावरचे शहर नव्हे. पण ते समुद्रापासून फार दूरही नाही. पश्चिमेला सरळ रेषेत मोजले, तर विजयदुर्गचा किनारा जेमतेम शंभर किलोमीटरवर येतो. मध्ये सह्याद्रीची भिंत उभी असल्याने समुद्र जवळ आहे, याची आठवण शहराला सहसा राहत नाही. अरबी समुद्रात चक्रीवादळ उठले, की मात्र ही आठवण होते. वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवर नकाशे झळकू लागतात. त्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी एक वाकडी रेघ असते आणि ती रेघ आपल्या किनाऱ्याला स्पर्श करीत नाही, असे पाहून अनेकांचा जीव भांड्यात पडतो. ही निश्चिंतता कितपत खरी आहे, याचे उत्तर मे २०२१ मधील 'तौक्ते' चक्रीवादळाने दिले आहे.

१४ मे २०२१ रोजी अक्षय्य तृतीया होती. त्याच दिवशी लक्षद्वीप परिसरात कमी दाबाचे क्षेत्र अधिक तीव्र होऊन त्याचे रूपांतर वादळात होऊ लागले. हवामान खात्याने त्याच्या काही दिवस आधीपासूनच इशारे देण्यास सुरुवात केली होती. केरळ आणि कर्नाटकाचा किनारा झोडपत हे वादळ १६ मे रोजी पहाटे गोव्याच्या पश्चिमेला आले. त्या दिवशी ते सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या समोरून उत्तरेकडे सरकत राहिले आणि १७ मे रोजी दुपारी मुंबईच्या पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर होते. तोपर्यंत त्याने 'अतितीव्र' श्रेणीही ओलांडली होती आणि समुद्रात वाऱ्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या घरात गेला होता. त्याच रात्री दीव आणि उना यांच्या दरम्यान ते जमिनीवर आले. गोव्यापासून सौराष्ट्रापर्यंतचे सहाशेहून अधिक किलोमीटर अंतर त्याने दीड दिवसाहून थोड्या अधिक वेळात कापले. या संपूर्ण प्रवासात त्याच्या केंद्राने महाराष्ट्राच्या भूमीला एकदाही स्पर्श केला नाही.

नावाविषयी थोडेसे. उत्तर हिंदी महासागरातील वादळांसाठी १३ देशांनी नावे सुचविली असून, हे नाव म्यानमारचे होते. मोठ्याने आवाज करणाऱ्या एका पालीचे ते नाव. मराठी वृत्तपत्रांनी ते तौक्ते, ताउक्ते, तौते असे नाना प्रकारे छापले. अटलांटिकमध्ये ज्याला हरिकेन आणि पश्चिम प्रशांत महासागरात टायफून म्हणतात, तोच हा निसर्गाचा आविष्कार. फरक केवळ प्रदेशाचा.

असे वादळ किनाऱ्याला समांतर का चालते? चक्रीवादळाला स्वतःची दिशा जवळजवळ नसते. प्रवाहात सोडलेला भोवरा जसा पाण्याबरोबर वाहत जातो, तसे ते वातावरणाच्या मधल्या आणि वरच्या थरांतील वाऱ्यांबरोबर ढकलले जाते. उच्च दाबाची विस्तीर्ण क्षेत्रे या वाऱ्यांना वळण देतात. अरबस्तानाच्या बाजूचे क्षेत्र प्रबळ असेल, तर वादळ ओमान अथवा येमेनकडे वळते. भारतीय द्वीपकल्पावरील क्षेत्राच्या पश्चिम कडेने ते जाऊ लागले, तर उत्तरेकडे सरकते आणि पुढे पश्चिमी वाऱ्यांच्या तावडीत सापडून ईशान्येकडे झुकते. 'तौक्ते'चे नेमके हेच झाले. त्याला बळ पुरविले ते समुद्राने. चक्रीवादळ पोसण्यासाठी पाण्याचे तापमान साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर असावे लागते. मे महिन्यात अरबी समुद्राचा पृष्ठभाग तीस अंशांच्या आसपास तापलेला असतो. जमिनीवर आलेले वादळ या उष्णतेला मुकते आणि लवकर दुबळे होते. किनाऱ्यालगत पाण्यावरूनच चालणाऱ्या वादळाची शिदोरी मात्र संपत नाही. न टेकणे हीच त्याची ताकद ठरते.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या दिशेची. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वादळ उत्तरेकडे निघाले असेल, तर त्याच्या उजव्या अंगाला भोवऱ्याचा वेग आणि वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते; डाव्या अंगाला वजाबाकी होते. भारताचा पश्चिम किनारा अशा वादळाच्या नेहमी उजव्या हाताला येतो. केंद्र शंभर-दीडशे किलोमीटर दूर असले, तरी कोकणाच्या वाट्याला येते ती जोरकस बाजूच.

त्यातही वारा एका दिशेवर स्थिर राहत नाही. वादळ नैऋत्येला असते तेव्हा देवगड-मालवणकडे वारा आग्नेयेकडून, म्हणजे जमिनीवरून येतो. ते समोर आले, की तो दक्षिणेचा होतो आणि पुढे निघून गेल्यावर नैऋत्येचा होऊन थेट समुद्रावरून आदळू लागतो. बंदरात नांगरलेल्या होडीच्या दृष्टीने हा बदल घातक होय. एका बाजूच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन बांधलेले दोर काही तासांत निरुपयोगी ठरतात. महाराष्ट्रात मासेमारीबंदी १ जूनपासून सुरू होत असल्याने मेच्या मध्यास हंगाम अद्याप संपलेला नसतो. इशाऱ्यानंतर नौका बंदरांत परतल्या होत्या, तरीही देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौका बुडाल्या आणि खलाशांचा बळी गेला. समुद्रात न जाताही समुद्राने माणसे नेली. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत झाडे उन्मळून विजेच्या तारांवर पडली, खांब आडवे झाले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली.

मुंबईत १७ मे रोजी कुलाब्याला वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला २३०.३ मिलिमीटर आणि कुलाब्याला २०७.६ मिलिमीटर पाऊस झाला. मे महिन्यात मुंबईत एका दिवसात एवढा पाऊस झाल्याची पूर्वीची नोंद नव्हती. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस असल्याने भव्य तात्पुरत्या केंद्रांतील ५८० रुग्णांना आधीच अन्य रुग्णालयांत हलवावे लागले होते. एका बाबतीत मात्र दैव अनुकूल होते. अमावास्या ११ मे रोजी होऊन गेली होती. त्यामुळे उधाणाची भरती सरली होती आणि भांगाच्या भरतीचे दिवस जवळ आले होते. हेच वादळ सहा दिवस आधी आले असते, तर वाऱ्याने फुगविलेले पाणी आणि अमावास्येची भरती एकत्र येऊन खाडीकाठच्या वस्त्यांची काय अवस्था झाली असती, याची कल्पना केलेली बरी.

सर्वांत मोठी दुर्घटना किनाऱ्यावर घडलीच नाही. मुंबईपासून सुमारे ३५ सागरी मैलांवर, तेलक्षेत्रातील कामगारांच्या निवासासाठी वापरला जाणारा 'पी-३०५' हा तराफा नांगरलेला होता. त्याला स्वतःचे इंजिन नव्हते. नकाशावर पाहिले, तर वादळाचे केंद्र मुंबईहून दीडशे किलोमीटर दूर दिसते. पण तराफा मुंबईच्या पश्चिमेला असल्याने त्याच्यापासून ते अंतर पुष्कळच कमी होते. नांगर सुटले, तराफा भरकटला आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी १८६ जणांना 'आयएनएस कोची', 'आयएनएस कोलकाता' आदी नौकांच्या साहाय्याने वाचविण्यात आले. 'वरप्रदा' या बोटीवरील १३ जणांपैकी केवळ दोघे वाचले. दोन्ही मिळून ८६ जणांनी प्राण गमावले. कित्येक मृतदेह पुढे रायगड आणि गुजरातच्या किनाऱ्याला लागले. इशारा हाती असताना हा तराफा सुरक्षित जागी का नेला गेला नाही, याच्या चौकशीसाठी केंद्र सरकारला उच्चस्तरीय समिती नेमावी लागली. वादळाची वाट अचूक सांगता येणे आणि त्या वाटेतून माणसे बाजूला होणे, या दोन गोष्टींमधील अंतर किती भयंकर असू शकते, ते येथे दिसले.

घाटमाथ्याच्या अलीकडे परिस्थिती वेगळी असते. वाऱ्याचा जोर डोंगर आणि जमीन यांच्या घर्षणाने बराच ओसरतो. बाष्प मात्र डोंगर चढून येते. वादळ दक्षिणेकडे असताना पूर्वेच्या वाऱ्यांनी पठारावर ढग दाटतात. ते पुढे सरकल्यावर नैऋत्येचे वारे गगनबावडा, आंबोली, राधानगरीच्या बाजूने सह्याद्रीवर धडकतात. कोल्हापूरकरांना मे महिन्यातील पाऊस परका नाही. दिवसभर उकाडा, दुपारनंतर काळेकुट्ट ढग, विजांचा कडकडाट आणि तासाभरात मोकळे आकाश, हे वळवाचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. वादळी पावसाची जात निराळी. सूर्य दिसत नाही, विजा फारशा कडाडत नाहीत. सरीमागून सरी आणि अंगाला झोंबणारा गार वारा यांनी भर उन्हाळ्यात आषाढाचा भास होतो.

हा भास शेतकऱ्याला परवडणारा नसतो. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, चंदगड या भातपट्ट्यात रोहिणी नक्षत्राच्या सुमारास कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करण्याची जुनी रीत आहे. त्याआधीच रान भिजले, तर वाफसा येईपर्यंत थांबावे लागते आणि तोवर तण उगवून येते. उसाला आणि धरणांना तोच पाऊस उपकारक ठरतो; एकाच जिल्ह्यात एकाच सरीचा हिशेब दोन तऱ्हेने मांडावा लागतो. शिवाय घाटाखालचे नुकसान बाजारात वर चढून येते. हापूसच्या हंगामातील अखेरची फळे 'तौक्ते'ने झाडावरून उतरविली. आपटलेला आंबा पेटीत भरता येत नाही. तो पडेल भावाने रसासाठी जातो. फळ गेले तर एका वर्षाचे जाते, कलम मोडले तर पुन्हा उत्पन्न हाती येण्यास अनेक वर्षे लागतात.

वादळ जमिनीवर आले म्हणजे काय होते, हे त्याच्या आदल्याच वर्षी दिसले होते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि दापोली-मंडणगडकडील नारळी-पोफळीच्या बागा झोपविल्या. तो घाव खोल, पण एका पट्ट्यापुरता होता. 'तौक्ते'ने सारा किनारा केरळपासून गुजरातपर्यंत ओरबाडला. याउलट ऑक्टोबर २०१९ मधील 'क्यार' हे त्याहून प्रचंड, महाचक्रीवादळाच्या श्रेणीपर्यंत पोहोचलेले वादळ कोकणाच्या दिशेने येऊन अरबस्तानाकडे वळले. तरीही उधाणाने सिंधुदुर्गचे किनारे खाल्ले आणि ऐन कापणीत पडलेल्या पावसाने भाताची नासाडी केली. जून २०२३ मधील 'बिपरजॉय'ची तऱ्हा आणखी वेगळी. ते कोकणापासून पुष्कळ दूर राहिले, १५ जूनला कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ पोहोचले; परंतु त्याने बाष्प स्वतःकडे ओढल्याने मोसमी पाऊस ११ जूनला दक्षिण कोकणात येऊनही तेथेच अडखळला. मुंबईपर्यंत तो २५ जूनला गेला. या खेपेस घाटमाथ्याने वादळ अनुभवले ते पाऊस न पडण्याच्या रूपाने.

असे असूनही बातम्यांचा आणि मदतीचा ओघ वादळ जेथे टेकते तेथे वळतो. मे २०२१ मध्ये पंतप्रधानांनी १९ तारखेला गुजरात आणि दीवची हवाई पाहणी करून गुजरातला तातडीची एक हजार कोटी रुपयांची मदत जाहीर केली. महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे २१ तारखेला रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गेले. गुजरातची हानी मोठी होती, यात शंका नाही. पण दीर्घ किनाऱ्यावर पातळ पसरलेले नुकसान मोजणे अवघड असते आणि जे मोजले जात नाही ते नजरेतूनही सुटते.

अशा वादळांची संख्या वाढते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात ती किंचित घटली. पूर्वी अरबी समुद्र तुलनेने थंड आणि शांत मानला जात असे. पूर्व किनाऱ्यावर ओडिशा आणि आंध्र प्रदेशाने अनेक दशकांच्या आघातांतून निवारे, सूचनायंत्रणा आणि सवयी कमावल्या. कोकणात हे काम उशिरा सुरू झाले.

मे २०२५ मध्ये तर चक्रीवादळाचा दर्जाही न मिळालेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान २४ तारखेला किनारा ओलांडला. मोसमी पाऊस त्याच दिवशी केरळात आणि दोनच दिवसांनी मुंबईत दाखल झाला. रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वीच कोल्हापूरच्या पश्चिम भागातील रान चिंब झाले होते.