पुस्तके लावायलाही शिकावे लागते?

बी.ए. झाल्यावर आणखी एक वर्ष ग्रंथालयशास्त्राच्या पदवीसाठी द्यावे, असा विचार मी दिवाळीच्या सुट्टीत घरी बोलून दाखविला. वडील म्हणाले, "पुस्तकं कपाटात लावायची अन् मागेल त्याला काढून द्यायची, त्याला पुन्हा कॉलेज कशाला? त्यापेक्षा बी.एड. कर." फीचे पैसे त्यांनाच उभे करावयाचे आहेत, तेव्हा प्रश्न रास्तच होता. मला पुस्तकांची आवड आहे, एवढेच मी म्हणाले. पण आवड तर प्रत्येक वाचकाला असते!

खरे उत्तर त्याच सुट्टीत मिळाले. गावच्या वाचनालयात मी संध्याकाळी मदतीला बसत असे. एका शेतकरीकाकांनी डाळिंबावरील तेल्या रोगाविषयी काही आहे का, असे विचारले. मी दाखल नोंदवही उघडली. तीत पुस्तके ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने लिहिलेली. कादंबरीखाली पोथी, पोथीखाली व्याकरण. पाऊण तास पाने उलटून मी "नाही" म्हटले. चार दिवसांनी तसले पुस्तक कथासंग्रहांच्या मागे हाताला लागले. काका तोवर निघून गेले होते.

नोंदवही ही संस्थेची मालमत्ता सांगते. वाचकाला हवी असते ती तालिका. एकाच पुस्तकाची लेखकाच्या, नावाच्या आणि विषयाच्या अंगाने वेगवेगळी नोंद झाली, म्हणजे कोणी कसेही विचारले तरी पुस्तक सापडते. मात्र विषय ठरवावयाचा कसा, हीच यातील खरी विद्या आहे.

अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडून त्यांना अंक दिले. आठशे म्हणजे साहित्य, त्यात ८९१.४६ हे मराठी साहित्याचे घर आणि पुढे ३ जोडला की मराठी कादंबरी. आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयातील पुस्तकांच्या पाठीवर चिकटविलेले आकडे ते हेच. मी दीड वर्ष ते किमतीचे किंवा कपाटाचे असावेत असे समजत होते!

ड्यूईची घडी सोयीची खरी, पण ती त्यांच्या मुलखाची. दोनशेच्या धर्मवर्गात बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने व्यापलेली, आणि हिंदू धर्म २९४.५ च्या एका कोपऱ्यात.

या विद्येतील आपल्याकडचे मोठे नाव म्हणजे डॉ. शि. रा. रंगनाथन. ते मद्रासला गणिताचे अध्यापक होते. १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा या कामाचा त्यांना इतका कंटाळा आला की ते परत वर्गात जावयास निघाले होते. त्याऐवजी त्यांना इंग्लंडला धाडण्यात आले आणि बत्तिसाव्या वर्षी हे अध्यापक लंडनमध्ये पुन्हा विद्यार्थी झाले. तेथे एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू निरनिराळ्या तऱ्हेने जोडले की निरनिराळ्या वस्तू तयार होतात. पुस्तकाच्या विषयाचेही तसेच का करू नये? डाळिंब हा एक तुकडा, रोग दुसरा, महाराष्ट्र तिसरा. ते चिन्हांनी जोडले की नेमका विषय उभा राहतो. जोडणीसाठी त्यांनी आपल्या विसर्गासारखे दिसणारे कोलन हे चिन्ह घेतले. म्हणून १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पद्धतीला कोलन वर्गीकरण म्हणतात. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली होती. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांतील चौथे. माझा पाऊण तास आठवून ते वाचताना मला चांगलेच लागले.

आता व्यवहाराचे. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर हा अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हावयाचे तर त्यापुढे पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट अथवा पीएच.डी. हवी. जागा थोड्या, उमेदवार फार. हे मी वडिलांपासून लपविलेले नाही. ते अजून "बघू" म्हणतात.

दरम्यान वाचनालयाच्या चिटणीसांची परवानगी घेऊन मी पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापले आणि विषयवार नोंदी लिहावयास घेतल्या. शेतीचे कपाट संपले आहे. डाळिंबाचे पुस्तक काकांच्या घरी पोचते केले. पुढचे कपाट पोथ्यांचे आहे आणि तेथे माझे २९४.५ पाशी अडले आहे.