ग्रंथालयाने दिलेली भिंत

पुस्तकांच्या चळतीवर एक सांगाडा आडवा पडला आहे. तो बाळंत होतो आहे. दुसरा सांगाडा सुईणीसारखा वाकून त्याचे मूल हातात घेतो आहे आणि ते मूलही हाडांचेच, जन्मतःच मेलेले. पलीकडे पदवीदानाचे झगे घातलेले विद्वान सांगाडे ओळीने उभे आहेत. त्यांच्या मागचे आकाश आगीने लाल झाले आहे. खाली काचेच्या बरण्यांत असेच मृत अर्भकांचे सांगाडे जपून ठेवले आहेत. चित्राचे नाव ‘आधुनिक जगाचे देव’. ते आहे एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, वाचनकक्षाच्या भिंतीवर. नव्वदाहून अधिक वर्षे विद्यार्थी त्याच्या सोबतीने अभ्यास करत आले आहेत.

समर्थांनी दासबोधात पढतमूर्खाच्या लक्षणांना एक अख्खा समास दिला आहे. त्यामुळे मराठी वाचकाला या चित्रातला राग परका वाटणार नाही. जी विद्या जगाची आग पाहूनही जागची हलत नाही, तिच्या पोटी जिवंत काही येत नाही, असे चित्रकार सांगतो आहे. हा आरोप त्याने विद्येच्या घरात येऊन केला आणि त्या घराने तो पुसला नाही. या भिंतीचा मागोवा मला घ्यावासा वाटतो तो यासाठीच.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात, कनेक्टिकट नदीकाठी हॅनोव्हर नावाचे लहान गाव आहे. तिथल्या डार्टमथ कॉलेजची स्थापना १७६९ सालची. नावात कॉलेज असले तरी आज ते एक नामवंत विद्यापीठ आहे. त्याची सनद निघाली ती मूलनिवासी मुलांना शिकवण्याचे नाव घेऊन. मोहिगन जमातीचे सॅमसन ऑकम यांनी या कामासाठी इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये हिंडून पैसा उभा केला होता. प्रत्यक्षात पहिल्या दोनशे वर्षांत इथून पदवी घेतलेल्या मूलनिवासी विद्यार्थ्यांची संख्या वीसच्याही आत राहिली. भिंतीवरची चित्रे पाहताना हा इतिहास मनात ठेवावा लागतो.

कॉलेजचे बेकर ग्रंथालय १९२८ साली उघडले. त्याच्या तळघरात राखीव पुस्तकांचा लांबलचक वाचनकक्ष होता आणि त्याच्या भिंती कोऱ्या होत्या. कला विभागाचे आर्टेमस पॅकार्ड आणि त्यांचे तरुण सहकारी चर्चिल लॅथ्रप यांच्या मनात एक कल्पना घोळत होती. विद्यार्थ्यांनी कला नुसती पुस्तकांतून शिकू नये, मोठा कलावंत काम करताना त्यांनी डोळ्यांनी पाहावा. खर्चाची सोय रॉकफेलर कुटुंबाने शिक्षणासाठी दिलेल्या निधीतून झाली. त्या घरातला नेल्सन रॉकफेलर १९३० साली याच कॉलेजातून पदवीधर झाला होता. निवड झाली ती मेक्सिकोच्या होसे क्लेमेंते ओरोस्कोची.

ओरोस्कोचा जन्म १८८३ साली हालिस्को प्रांतात झाला. मेक्सिको शहरात शाळेला जाता-येता होसे ग्वादालुपे पोसादा या छापचित्रकाराला काम करताना बघत राहणे हा त्याचा पहिला कलावर्ग. घरच्यांनी त्याला शेतकीच्या शिक्षणाला घातले. ऐन विशीत बंदुकीच्या दारूच्या स्फोटात त्याचा डावा हात गेला, नजरेलाही इजा झाली. पुढे आयुष्यभर तो मोठमोठ्या भिंती एका हाताने रंगवत राहिला. १९१० च्या क्रांतीत त्याने वर्तमानपत्रांसाठी व्यंगचित्रे काढली आणि रक्तपात जवळून पाहिला. त्यामुळे क्रांतीचा गौरव त्याच्या हातून कधी सहज झाला नाही. १९२० च्या दशकात मेक्सिको सरकारने सार्वजनिक इमारतींच्या भिंती चित्रकारांना खुल्या केल्या, तेव्हा राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालयातल्या त्याच्या चित्रांची तिथल्याच विद्यार्थ्यांनी नासधूस केली.

१९२७ साली तो अमेरिकेत आला. १९३० साली त्याने कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या भोजनगृहात ‘प्रोमिथियस’ रंगवला. पाठोपाठ न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये जी चित्रे काढली त्यांत लेनिन आहे आणि मांडी घालून बसलेले गांधीजीही आहेत. मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा वर्षही उलटले नव्हते. त्याआधी, १९२८-२९ च्या अमेरिका दौऱ्यात, सरोजिनी नायडू न्यूयॉर्कमधल्या त्याच्या मित्रमंडळात येऊन गेल्या होत्या. भारताच्या लढ्याची धग अशी त्याच्यापर्यंत पोहोचत होती.

१९३२ च्या वसंतात तो हॅनोव्हरला आला. आधी ग्रंथालयाजवळच्या एका मार्गिकेत त्याने नमुन्याचे चित्र काढून दाखवले: यंत्राच्या ढिगाऱ्यातून सुटून निर्मितीकडे हात उंचावणारा माणूस. मग त्याची नजर वाचनकक्षावर गेली. एवढी सलग भिंत मिळत असेल तर ‘प्रोमिथियस’सारखी ग्रीक पुराणकथा कशाला, अमेरिका खंडाचीच कथा सांगू, असे त्याने ठरवले. त्याच्या लेखी अमेरिका म्हणजे केवळ संयुक्त संस्थाने नव्हेत. उत्तर आणि दक्षिण, मूलनिवासी आणि युरोपीय, सगळे मिळून एक खंड.

काम फ्रेस्को पद्धतीचे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी माती-भुशाच्या वाळलेल्या थरावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग लावले. फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग द्यावा लागतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि रंग भिंतीचाच भाग होऊन बसतो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा. चूक झाली तर तेवढा तुकडा खरवडून पुन्हा लावायचा. एक हात नसलेला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा हा माणूस परांचीवर चढून असा तुकड्या-तुकड्याने पुढे सरकत होता आणि मुलांना ते बघायला मिळत होते. पॅकार्ड-लॅथ्रप यांना हवा होता तो वर्ग हाच. १३ फेब्रुवारी १९३४ रोजी काम संपले, तेव्हा चोवीस भागांत सुमारे ३,२०० चौरस फूट भिंत रंगली होती.

कक्षाच्या पश्चिम भागात स्पॅनिश आक्रमक कोर्तेसच्या आधीचा काळ आहे. माणसांचे स्थलांतर, नरबळी, मग केत्साल्कोआत्ल या देवाचे येणे. तो झोपलेल्यांना जागे करतो. मका पिकतो, दगडातून शिल्प घडते, माणूस आकाशातले तारे पाहू लागतो. पण लोक त्याच्याकडे पाठ फिरवतात आणि तो सर्पांच्या तराफ्यावरून निघून जातो. त्याच्या बोटाच्या रोखाने पुढच्या चित्रात चिलखती स्पॅनिश सैनिक येताना दिसतात. पूर्व भागात कोर्तेस प्रेतांच्या राशीत उभा आहे. त्यानंतर यंत्र, एकसारख्या चेहऱ्यांची मुले आणि करारी शिक्षिका असलेली इंग्रजी अमेरिका आणि सोन्याला हपापलेल्या सेनापती-भांडवलदारांच्या घोळक्यात ताठ उभा असलेला मेक्सिकन बंडखोर. शेवटाकडे ख्रिस्त येतो. त्याने स्वतःचा क्रूस कुऱ्हाडीने तोडला आहे आणि मागे शस्त्रांचा नि मोडक्या प्रतीकांचा ढीग पडला आहे.

या मांडणीत मला सर्वांत मोठा वाटतो तो तिचा प्रामाणिकपणा. पश्चिमेकडे प्राचीन नरबळी आहे, तर पूर्वेकडे त्याच्या जोडीला आधुनिक नरबळी: ध्वज आणि पुष्पचक्रांखाली पुरलेला अनाम सैनिक. ओरोस्कोने मूलनिवासींचा भूतकाळ सोन्याने मढवला नाही आणि युरोपीयांच्या वर्तमानालाही सूट दिली नाही.

टीका व्हायची ती झालीच. मंदीच्या दिवसांत आपले चित्रकार बेकार बसले असताना परदेशी माणसाला काम का, असे विचारले गेले. माजी विद्यार्थ्यांची संतप्त पत्रे आली. धर्माचा, देशाचा, विद्येचा अपमान झाला, अशी ओरड उठली. कॉलेजचे अध्यक्ष अर्नेस्ट मार्टिन हॉपकिन्स मात्र चित्रकाराच्या पाठीशी ठाम उभे राहिले. समीक्षक लुईस ममफर्ड यांनी चित्रांची थोरवी लिहून मांडली.

हॅनोव्हरचे काम संपले त्याच फेब्रुवारी महिन्यात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये मेक्सिकोच्याच दिएगो रिव्हेराचे भित्तिचित्र रातोरात फोडून टाकले गेले, कारण त्यात लेनिनचा चेहरा होता आणि तो पुसायला रिव्हेराने नकार दिला होता. कुटुंब तेच, महिना तोच, चित्रकारही एकाच चळवळीतले. न्यू स्कूलमधल्या ओरोस्कोच्या चित्रांवरही १९५० च्या दशकात काही काळ पडदा ओढला गेला. हॅनोव्हरच्या भिंतीवर मात्र ना हातोडा पडला, ना पडदा.

तिला उत्तर म्हणून १९३० च्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर बीच हम्फ्री या माजी विद्यार्थ्याने कॉलेजच्या उपाहारगृहात वेगळी चित्रे काढली. त्यांत मूलनिवासी लोक रमच्या पिंपाभोवती रमलेले दाखवले होते, अर्धनग्न स्त्रियांसकट. अनेकांना तेव्हा ती गोड वाटली. १९७० साली कॉलेजने मूलनिवासींना शिकवण्याचा मूळ शब्द पाळायचे नव्याने ठरवले. ते विद्यार्थी खरोखरच वर्गात येऊन बसू लागले, तेव्हा त्या चित्रांतला अपमान लपेनासा झाला. चित्रे आधी झाकली गेली आणि २०१८ साली ती तिथून हलवण्याचा निर्णय झाला. खुशामत करणारी भिंत टिकली नाही, टोचणारी टिकली.

ओरोस्कोची चित्रे पुढच्या पिढ्यांनाही पोसत राहिली. १९३६ साली तरुण चित्रकार जॅक्सन पोलॉक ती पाहायला मुद्दाम हॅनोव्हरला आला. १९४९ साली ओरोस्को गेला. कॉलेजच्या हूड संग्रहालयाने पुढे या कामाची पूर्वचित्रे मिळवून जतन केली आणि २०१३ साली ही भित्तिचित्रे अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली.

आपल्याकडेही विद्यापीठांच्या ग्रंथालयांत देणगीदारांच्या तसबिरी असतात, संस्थापकांचे अर्धपुतळे असतात. ते असावेत, कृतज्ञता हवीच. पण ज्या भिंतीकडे बघून विद्यार्थ्याला स्वतःच्या शिक्षणाबद्दल एक अवघड प्रश्न पडेल, अशी एखादी भिंतही तिथे असावी, असे मला मनापासून वाटते. असा प्रश्न ऐकून घेण्याची ताकद संस्थेच्या अंगी आहे, हे त्या भिंतीवरूनच मुलांना कळते.

हे धाडस वाया जात नाही, याचा पुरावा त्याच कक्षात आहे. पुस्तके देण्याघेण्याच्या टेबलासमोरच्या भिंतीवर ओरोस्कोने आधुनिक कामगार रंगवला. त्याच्यामागे इमारतीचा सांगाडा उभा राहतो आहे. हातातले अवजार बाजूला ठेवून तो निवांत पहुडला आहे आणि पुस्तक वाचतो आहे. मेलेल्या पुस्तकांवर सांगाडा निजवणाऱ्या चित्रकाराने जिवंत पुस्तक दिले ते कामकऱ्याच्या हातात. टेबलापाशी पुस्तक मागायला उभा राहिलेला विद्यार्थी मान वर करतो, तेव्हा त्याला समोर तो वाचणारा माणूस दिसतो.