मोडीत घालण्याआधी माळा पाहा

दसरा-दिवाळी जवळ आली, की गावोगाव घरे झाडून निघतात. माळा खाली उतरतो. नेमकी त्याच सुमारास भंगारवाल्याची गाडी भोंगा वाजवत गल्लीत शिरते. पितळी घंगाळ, तांब्याचा हंडा, लोखंडी माप, बैलांच्या घुंगुरमाळा, सारे काट्यावर चढते आणि किलोच्या भावाने जाते. आलेल्या पैशांत प्लॅस्टिकचे दोन टब येतात. चार वर्षांत तेही फुटतात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, विस्तार अधिकारी म्हणून मी आपल्याशी नेहमी बियाणे, खते, किडी यांविषयी बोलतो. आज घरातल्या जुन्या वस्तूंविषयी बोलणार आहे. कारण या बाबतीत माझ्याच हातून एक चूक झाली आहे.

आमच्या घरी आजोबांच्या वेळची सागवानी पाभर होती. वडील बैल हाकीत आणि आई चाड्यावर मूठ धरी. तिच्या मुठीतून दाणा असा सुटे, की उगवण सारखी दिसे. मी नोकरीला लागलो आणि गावाला ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राची शिफारस केली. ती करायची, तर सुरुवात घरापासून हवी! वडिलांनी ऐकले. बियाणे वाचले, खत बियाण्याच्या खाली योग्य जागी पडू लागले. ती शिफारस आजही मला योग्यच वाटते. पण पाभर अडगळ झाली आणि एका हिवाळ्यात तिची लाकडे बंबाखाली गेली. ती फोडायला मीच सांगितले होते. आई काही बोलली नाही.

पुढे आई गेली. तिच्या माघारी माळा उतरवताना जुन्या लुगड्यात गुंडाळलेले चाडे सापडले. जळणातून तिने तेवढे काढून ठेवले होते. चाड्याची कड तिच्या हाताने झिजून गुळगुळीत झालेली. नवे यंत्र घ्यावे, हे मी तिला सांगितले. जुने सगळेच जाळायचे नसते, हे मात्र तिला मला सांगावे लागले, तेही न बोलता.

सगळे नको, निवडक ठेवा

घराचे गोदाम करायचे नाही. ज्या वस्तूला घरच्या माणसाची आठवण आहे, जिच्यावर कारागिरी आहे किंवा जी आता कुणी घडवीत नाही, ती ठेवावी. पायली, शेर, मापटे, चिपटे यांचेच बघा. १९५६ च्या कायद्यानंतर देशात किलो-लिटरची दशमान मापे आली आणि ही मापे हळूहळू व्यवहारातून गेली. पायली चार शेरांची, हे आज किती नातवंडांना ठाऊक आहे? मोटेचे चाक, बैलांची झूल, अडकित्ता, समई, कोरीव खुंट्या, जुना पाट याही वस्तू अशाच.

अशाच वस्तूंतून पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. दिनकर केळकर (१८९६–१९९०) हे चष्म्याचे दुकान चालवणारे गृहस्थ. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. लहान वयात वारलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी या संग्रहाला दिले आणि पुढे तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला. आज तेथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांत दिवे, अडकित्ते, वज्र्या, स्वयंपाकाची भांडी अशा आपल्याच घरांतल्या वस्तू पुष्कळ. पुण्याला गेलात तर मुलांना तेथे अवश्य न्या.

निगा कशी राखावी

वापरातले तांब्या-पितळेचे भांडे चिंच-मिठाने घासून लगेच स्वच्छ धुवावे आणि कोरडे करावे. जुन्या नक्षीदार वस्तूला मात्र आंबट लावू नये. रिठ्याच्या पाण्याने मऊ फडक्याने पुसावी. यंत्रावर पॉलिश केले, की नक्षी झिजते. जुनी नाणी तर घासूच नयेत. पितळी पातेले स्वयंपाकाला घ्यायचे असेल, तर आधी कल्हई करून घ्यावी. बिनकल्हईच्या भांड्यात ताक, आमटी ठेवू नये.

लाकडाचा शत्रू वाळवी. वस्तू जमिनीला किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. खाली दगड किंवा विटा द्याव्यात. भोकांतून पिठासारखा भुसा पडत असेल, तर आत कीड आहे असे समजावे आणि ती वस्तू इतर लाकडांपासून दूर ठेवावी. शेतातले कीटकनाशक घरात फवारू नये. लाकूड कोरडे करून वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाचे फडके मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप पेट घेऊ शकते. ते बाहेर मोकळे पसरून वाळवावे. लोखंडावरचा गंज रॉकेल लावून घासावा, पुसावा आणि वर तेलाचा हात फिरवावा.

मांडणी

वस्तू शोभतात त्या आपल्या जागी. कोनाड्यात समई किंवा कंदील, ओसरीच्या खुंटीला घुंगुरमाळा, फळीवर पायलीपासून चिपट्यापर्यंत उतरती मापे. घंगाळात पाणी घालून फुले सोडली, तर पाहुणा पाहतच राहील. फक्त पाणी रोज बदला, नाही तर डास होतील. जाते तुळशीजवळ सपाट जागी ठेवावे आणि अधूनमधून भरड काढावी. वापर असला, की वस्तू जिवंत राहते. प्रत्येक वस्तूजवळ एक चिठ्ठी ठेवा: कोणाची, कशासाठी, साधारण कधीची. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आजच लिहून घ्या.

फसू नका, कायदाही जाणून घ्या

तांदूळ ओढणारे तांब्याचे भांडे असल्यास कोट्यवधी रुपये देतो, असे सांगणारे लोक खेड्यांतून फिरतात. ‘राईस पुलर’ म्हणतात तो हाच प्रकार. ही शुद्ध फसवणूक आहे. तपासणीच्या नावाखाली आगाऊ पैसे उकळतात आणि पसार होतात. असा कोणी दारी आला, तर पोलिसांना कळवा.

शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. अशा वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. नांगरताना किंवा विहीर खणताना नाणी, मूर्ती, भांडी सापडली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तलाठ्याला लगेच सांगा आणि वस्तू वितळवू नका.

याचे मोल काय, ते दायमाबादने दाखवले आहे. त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हे प्रवराकाठचे गाव. १९७४ मध्ये तिथे झुडपाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला चार धातुमूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडी जुंपलेला रथ. चारही मिळून साठ किलोंहून जास्त वजनाच्या. पुष्कळ अभ्यासक त्या हजारो वर्षांपूर्वीच्या मानतात. त्या भट्टीत गेल्या असत्या, तर साठ किलो मोड झाली असती, एवढेच. आज ती जोडी जगाला ठाऊक आहे.

आपल्या माळ्यावर दायमाबाद नसेल. पण कोणाच्या तरी आईचे चाडे असेल. आमचे आता ओसरीत भिंतीवर आहे. मृगाच्या आधी माझी नात त्यात मूठभर ज्वारी घालते आणि ‘पणजी कशी पेरायची’ म्हणून विचारते. मी तिला मूठ धरून दाखवतो. आईसारखी जमत नाही.

तेव्हा यंदा भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एक दिवस थांबा. माळा उतरवा, घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा आणि एकेक वस्तू त्यांच्या हाती द्या. काय ठेवायचे, ते त्यांचा हातच सांगेल.