शिट्टीवर नवं गाणं: गॉलवेतला एक शुक्रवार

सकाळी ६.१५

माझ्या स्वयंपाकघराची आणि शेजाऱ्यांची भिंत एकच आहे, म्हणून या वेळी शिट्टी तोंडाला लावायची नाही. टिन व्हिसलचं वरचं सप्तक भिंतीला जुमानत नाही. मी फक्त गाते, तेही हलक्या आवाजात. आज दुपारी एका लग्नात एड शीरनचं 'परफेक्ट' वाजवायचं आहे, आणि त्याआधी ते शब्दांसकट पाठ असायला हवं.

आयरिश रील वाजवायला शब्द लागत नाहीत. ती चाल वाद्यासाठीच बांधलेली असते, स्वर एकमेकांना खेटून असतात, मधे मोकळी जागाच नसते. पॉप गाण्याचं तसं नाही. त्यातली चाल बहुतेकदा थोडक्यात आटोपलेली असते. उरलेलं काम शब्द, गळा आणि ताल करतात. कडव्यात एकाच स्वरावर सात-आठ अक्षरं येतात. गळ्यात ती वेगवेगळी ऐकू येतात, कारण प्रत्येक व्यंजनाचा धक्का वेगळा आणि प्रत्येक स्वरवर्णाचा रंग वेगळा. तीच ओळ जशीच्या तशी शिट्टीवर काढली, तर नुसतं तू-तू-तू-तू उरतं. म्हणून आधी म्हणायचं. कुठल्या अक्षरावर जोर आहे, कुठलं गिळलेलं आहे, गाणारा श्वास कुठे घेतो, हे जिभेला पाठ झालं की मग बोटं.

आपल्याकडच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला हे न शिकवता जाणतो. पुण्यात आमच्या गल्लीतून वरात निघाली की तो त्या वर्षीचं नवं सिनेमाचं गाणं काढायचा आणि नाचणारे शब्द म्हणायला लागायचे. त्यानं अक्षरांच्या जागा हलू दिलेल्या नसत. माझं खरं शिक्षण तिथलं, असं मी मनापासून मानते.

सकाळी ७.३०

पिशवी भरायची. कुठल्या शिट्ट्या न्यायच्या हे गाण्याच्या पट्टीवर ठरतं.

साधी डीची शिट्टी, म्हणजे आपली पांढरी दोन. सहा भोकं. सगळी बंद केली की डी. तिच्यावर दोन पट्ट्या सहज वाजतात. सगळी बंद तो सा धरला तर डी मेजर. वरची तीन बंद तो सा धरला तर जी मेजर, म्हणजे पांढरी पाच. बासरी शिकलेल्याला हे सांगावं लागत नाही, कारण बासरीवर सा तिथेच असतो आणि सगळी भोकं बंद केली की मंद्र पंचम मिळतो. इथले लोक डीला घर मानतात, मी सवयीनं जीला. पॉप गाण्यांसाठी माझी सवय उपयोगी पडते.

'टायटॅनिक'मधलं १९९७ चं गाणं घ्या. त्याची चाल पहिल्याच ओळीत सा वरून खालच्या नी ला टेकून परत येते. डीमध्ये सगळ्यात खालच्या स्वराला सा मानलं, तर त्याच्याखाली नी आणायचा कुठून? वाद्यच संपलेलं असतं. जीमध्ये मात्र सा च्या खाली नी, ध आणि प तिन्ही आहेत, आणि वर अख्खं सप्तक शिल्लक. आधुनिक गाण्यांत ही गोष्ट वारंवार भेटते. गाणारे सा भोवती वर-खाली फिरतात, सा पासून सुरू करून नुसते चढत जात नाहीत. नवं गाणं समोर आलं की मी पहिल्यांदा पाहते ते त्याचं टोक नव्हे, तळ.

मग मूळ पट्टीचा प्रश्न. 'परफेक्ट' ए-फ्लॅटमध्ये आहे, काळी चार. त्याला दोन वाटा. ई-फ्लॅटची शिट्टी घेतली की तिच्यावर तीन भोकं बंद म्हणजे ए-फ्लॅट, बोटं तीच. किंवा माझ्या साथीच्या गिटारवाल्यानं पहिल्या पडद्यावरचा कॅपो काढून टाकला की त्याचं जी मेजर होतं आणि माझी डीची शिट्टी चालते. आम्ही दुसरी वाट धरलीय. डीची शिट्टी किंचित सौम्य बोलते आणि चर्चच्या दगडी भिंतीत तेवढा फरक कळतो.

डी, ई-फ्लॅट, लो डी. शिवाय भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याची छोटी बाटली. फुंकेच्या फटीत त्याचा थेंब सोडून वाळू दिला की वाफेचं पाणी साचून सूर घुसमटत नाही.

सकाळी ९.२०

शाळा. आयर्लंडच्या प्राथमिक शाळांत टिन व्हिसल सर्रास शिकवतात. कारण साधं, ती स्वस्त आहे. १८४३ मध्ये इंग्लंडमधल्या सफकचा रॉबर्ट क्लार्क पत्र्याच्या शिट्ट्या बनवायला लागला आणि मँचेस्टरला गेला. तेव्हापासून हे गरिबाच्या खिशाला परवडणारं वाद्य राहिलंय, आणि तसंच ते राहावं.

चौथीच्या वर्गाला एड शीरनचंच 'गॉलवे गर्ल' हवं आहे. २०१७ चं गाणं, त्यात अँट्रिमच्या बिओगा या बँडनं वाजवलेलं आहे, आणि गावाचं नाव यांच्याच गावाचं. मुलांना ते हवंसं वाटणारच. अडचण अशी की त्याचं कडवं जवळजवळ बोलल्यासारखं आहे. तिथे शिट्टीला उचलण्याजोगी चाल फारशी नाही. वर्गातल्या सगळ्यांनी मिळून ती अक्षरं फुंकली तर कलकलाट होईल.

म्हणून आज शिट्ट्या बाकावर. आधी टाळी आणि धृपद. मग ओठ मिटून फक्त जीभ हलवायची, 'टू' म्हटल्यासारखी, शब्दांच्या लयीत. मग शिट्टी, पण सगळी बोटं एकाच स्वरावर ठेवून. स्वर बदलत नसतानाही गाणं ओळखू आलं पाहिजे. एका बाकावरून ते ओळखू येतं. मागच्या बाकावरून येत नाही, कारण तिथली मुलं जोरात फुंकताहेत आणि स्वर उडी मारून वरच्या सप्तकात जातोय. "कमी हवा," मी म्हणते, "काच धुकट करतो तेवढीच." मग तेही ओळखू येतं.

कडव्याच्या जागी काय? तिथे मी त्यांना त्यांच्या ओळखीच्या एका रीलचा पहिला भाग देते. कडवं बोलू दे ज्याला बोलायचं त्याला, शिट्टी त्याखाली पळत राहील. मूळ गाण्यातही बोलणं आणि वाद्यांची पळापळ अशी शेजारी शेजारीच आहेत. एक मुलगी विचारते, ही फसवणूक नाही का? नाही. जे वाद्याला जमत नाही ते त्याच्याकडून ओढून घेण्यापेक्षा, त्याला जे सुरेख जमतं ते त्या जागी ठेवणं हीच मांडणी. हे तिला मी याच शब्दांत सांगितलं, आणि तिला पटलं असावं, कारण पुढच्या वेळी तिनं रील आधी सुरू केली.

दुपारी १२.१५

गाडीत. गिटारवाला साथीदार चालवतोय, मी शिट्ट्या जॅकेटच्या आत, अंगाशी धरून बसलेय. थंड शिट्टी उतरलेली वाजते. गिटारशी जुळवायची तर ती आधी उबदार हवी.

विषय नेहमीचा निघतो. टिन व्हिसलवर पॉप वाजवणं म्हणजे वाद्याला उणेपणा आणणं, असं मानणारे चांगले वादक इथे आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण इतिहास त्यांच्या बाजूचा नाही. १९५० च्या दशकात जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर याच शिट्टीतून क्वेला हे नाचाचं संगीत जन्माला आलं. स्पोक्स मशियाने त्याचा मोठा वादक. वस्त्यांमधली तरुण मुलं जे नाचत होती तेच तो वाजवत होता. १९५८ मध्ये 'टॉम हार्क' हे क्वेला ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. म्हणजे त्या काळी शिट्टी पॉप गाण्याची नक्कल करत नव्हती, तीच पॉप होती. पुढे १९८६ मध्ये पॉल सायमनच्या 'यू कॅन कॉल मी अल'मध्ये तिचा तुकडा आला, तो वाजवणारा मॉरिस गोल्डबर्गही दक्षिण आफ्रिकेचाच. आणि नव्वदच्या दशकात डंडॉकच्या 'द कोर्स' या बँडमधल्या अँड्रिया कोर हिनं गाता गाता शिट्टी उचलली, तेव्हा कितीतरी घरांतल्या मुलींनी दुकानात जाऊन शिट्टी मागितली असेल.

दुपारी १.३०

चर्च. इथे आमचा एक हक्क आहे जो गाणाऱ्यांना नाही. काही ठिकाणी मिसाच्या वेळी प्रेमगीतं गाऊ देत नाहीत. शब्द धार्मिक हवेत. तेच गाणं शब्दांवाचून वाजवलं तर सहसा कोणी अडवत नाही. म्हणून नवरा-नवरी नोंदणीच्या कागदावर सह्या करतात त्या वेळेसाठी 'परफेक्ट' ठेवलंय.

त्याच्यात एक धोका आहे. त्याची चाल बारा-आठची, आपल्या दादऱ्याच्या अंगाची. आयरिश जिग सहा-आठची. शिट्टीवाल्याचा हात जिगला इतका सरावलेला असतो की तीन-तीनचे गट दिसले की तो उड्या मारायला लागतो, आणि एक संथ प्रेमगीत लग्नातल्या नाचाचं होऊन जातं. यावर माझा उपाय म्हणजे अलंकार काढून टाकणं. रोल, म्हणजे एका स्वराभोवतीची गिरकी, नाही, कटही अगदी थोडे, एकाच स्वरावर दोन अक्षरं वेगळी दाखवायची असतील तिथे. कट म्हणजे वरच्या बोटाचा निसटता कण. त्याऐवजी मींड: भोकावरून बोट सावकाश बाजूला घेत खालच्या स्वरातून वरच्या स्वरात शिरायचं. पॉप गाणारे स्वराला खालून भिडतात, आणि हे शिट्टीला छान येतं.

दुसऱ्या कडव्याला लो डी घेतली. ही शिट्टी साध्या डीपेक्षा अख्खं सप्तक खाली, लांब, बोटांच्या पेरांनी भोकं झाकावी लागतात. तिचं आजचं रूप १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्नार्ड ओव्हर्टननं फिनबार फ्यूरीसाठी घडवलं. तिला श्वास फार लागतो, आणि श्वास गाणाऱ्यानं जिथे घेतला तिथेच घ्यायचा, नाहीतर वाक्य मधेच तुटतं. ऐकणाऱ्यांच्या मनात शब्द चालू असतात. पहिल्या बाकावरच्या एका बाईंचे ओठ हलत होते. माझ्या लेखी काम झालं.

दुपारी ३.४५

हॉटेलची हिरवळ, पेयं, गप्पा, आणि समुद्रावरून येणारा वारा. शिट्टीच्या खिडकीवर आडवा वारा लागला की सूर मरतो, वाजवणारा कितीही चांगला असो. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, एवढंच. मी गिटारवाल्याच्या आडोशाला गेले.

इथे फर्माइशी येतात. क्रॅनबेरीजचं १९९४ चं 'झॉम्बी' ई मायनरमध्ये आहे. डीच्या शिट्टीला काहीही न बदलता चालतं. 'टायटॅनिक' अर्थातच कोणीतरी मागतं. मूळ ई मेजर, आम्ही जीमध्ये. हे गाणं ऐकून ऐकून लोक त्यावर हसतात, पण शिट्टीसाठी इतकं चोख बसणारं दुसरं पॉप गाणं मला माहीत नाही. म्हणून मी ते प्रत्येक वेळी पूर्ण लक्ष देऊन वाजवते.

संध्याकाळी ६.१५

घर. शिट्ट्या कोमट पाण्यानं धुऊन उताण्या ठेवल्या. भात, आमटी. तासभर झोप.

रात्री ९.३०

सी रोडवरचा क्रेन बार. इथे पॉप नाही. सेशनला एक जण चाल काढतो, ज्यांना येते ते सामील होतात, तीनदा फिरली की पुढची. मी रात्रभर रील आणि जिग वाजवते आणि ते मला तितकंच प्रिय आहे. दिवसभर रोल आवरून धरले होते, इथे ते मोकळे सोडायचे. उलटही खरं आहे: शब्दांच्या मागे जाऊन जिभेला जी सफाई आली, ती रीलमध्ये कामी येते. जोर कुठे द्यायचा हे आता मी नुसत्या मात्रा मोजून ठरवत नाही.

शेजारचे वयस्कर फ्लूटवाले दोन चालींच्या मधे विचारतात, आज कुठे होतीस. सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या नातीला शाळेत 'गॉलवे गर्ल' शिकवलंय कोणीतरी, मागे रील घालून. शाळेतून आल्यापासून घरात तेच चालू आहे. रील मात्र बरोबर वाजवते, असं म्हणून त्यांनी तीच रील काढली.

रात्री ११.५०

पुढच्या शनिवारच्या नवरीचा निरोप: 'लिंगर' वाजवाल का? लिमरिकच्या क्रॅनबेरीजचं, १९९३ चं. मूळ डी मेजर, म्हणजे वरवर पाहता काहीच हलवायला नको. पण साथीत मधेच सी मेजर येतो, तिथे सगळी भोकं उघडी टाकून चालणार नाही. सगळ्यात वरचं एक उघडं ठेवून त्याच्या लगेच खालची दोन झाकायची, म्हणजे सी नॅचरल, डीचा कोमल नी. आणि त्यांच्या गायिकेचा, डोलोरेस ओरिअर्डनचा गळा शब्दाच्या शेवटी जो मोडतो, ती मोड बोटांत कशी आणायची ते बघावं लागेल. सकाळी आधी गाऊन तळ शोधायचा. खाली उतरत असेल तर जी. गिटारवाल्याला तेवढं कळवून ठेवलं.