कागद काळा आहे म्हणून

आमच्या बिग बँडमध्ये मी बेस ट्रॉम्बोन वाजवतो, म्हणजे मागे, रांगेच्या अगदी टोकाला बसतो. पण बँडच्या कागदांचं कपाट माझ्या ताब्यात आहे, त्यामुळे पुढच्या कार्यक्रमात काय वाजवायचं याची पहिली यादी मीच करतो. गिरगाव सोडून न्यू जर्सीत आल्यापासून मला लागलेलं हे सगळ्यात महागडं व्यसन.

आम्ही १७ जण: पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, आणि पियानो, गिटार, बास, ड्रम्स. प्रत्येकाचा कागद वेगळा. या सगळ्या कागदांचा संच म्हणजे ‘चार्ट’. चाल एकाची असते, ती १७ जणांत वाटून देणारा अरेंजर बहुधा दुसराच. एकट्याने रंगवायच्या जागी तो फक्त कॉर्ड लिहून ठेवतो. तिथे ज्याचं त्याने सुचवून वाजवायचं.

मंडळींचा हात तयार आहे, तेव्हा अवघडात अवघड चार्ट काढावा, असं मला सुरुवातीला वाटे. सुरांनी काळा झालेला कागद दिसला की मी भुलायचो. शिवाय घरी वडील संगीतकार सी. रामचंद्रांचे भक्त. गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट रामचंद्रांचा सहायक होता, हे ते अभिमानाने सांगत. ट्रम्पेट म्हणजे उंच आणि झगझगीत, हा समज मी रामचंद्रांच्या ‘अलबेला’तली गाणी ऐकूनच करून घेतला होता.

एकदा मी तारसप्तकातले तीन चार्ट लागोपाठ लावले. तिसऱ्यात आमच्या लीड ट्रम्पेटवाल्याच्या वाद्यातून सुराऐवजी नुसती हवा आली. ओठ थकला की ट्रम्पेट संपतो. तिथे मनगटाची तयारी कामाला येत नाही. “हे तिन्ही मी वाजवू शकतो,” तो नंतर म्हणाला, “पण तिन्ही एका दमात वाजवायला तू सांगितलंस.” आता कुठलाही चार्ट हाती आला की मी आधी पहिल्या ट्रम्पेटचा कागद उघडतो आणि त्यात विश्रांतीच्या जागा मोजतो.

तयार बँडची खरी परीक्षा मात्र नील हेफ्टीच्या ‘लिल डार्लिन’मध्ये होते. काउंट बेसीच्या बँडने १९५७ साली तो ध्वनिमुद्रित केला. हेफ्टीने तो जास्त चालता लिहिला होता, लय बेसीने खाली आणली, असं सांगतात. कागद जवळजवळ कोरा. शाळेतली मुलंसुद्धा सूर वाचतील. पण आपल्याकडच्या विलंबितासारखं आहे हे: दोन मात्रांमधल्या मोकळ्या जागेत १७ जणांनी एकत्र थांबायचं असतं. पहिल्या तालमीत आम्ही सगळे घाईघाईने पुढे निघून गेलो.

अरेंजर थॅड जोन्सच्या चार्टचं दुखणं निराळं. बेसीसाठी लिहिलेले त्याचे चार्ट बेसीने आपल्या बँडच्या वळणाचे नाहीत म्हणून परत केले. मग ड्रमर मेल लुईसबरोबर जोन्सने स्वतःचा बँड काढला आणि फेब्रुवारी १९६६ पासून न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये दर सोमवारी वाजवायला लागला. त्याचे सूर एकमेकांना इतके चिकटून असतात की एकजण जरा उतरला तर सगळा कॉर्ड गढूळ होतो. ‘ग्रूव्ह मर्चंट’मध्ये तर सॅक्सोफोनच्या रांगेचं नेतृत्व सोप्रानोकडे आहे. सुरात राहणारा सोप्रानो नसेल तर त्या चार्टच्या वाटेला जाऊ नये.

ड्यूक एलिंग्टन वाद्यांसाठी नव्हे, माणसांसाठी लिहायचा. त्याच्या हस्तलिखितांत वादकांची नावं सापडतात. हॅरी कार्नी १९२७ पासून एलिंग्टनच्या मृत्यूपर्यंत, १९७४ पर्यंत, त्याच्याकडे बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवत होता. ‘सोफिस्टिकेटेड लेडी’ ही कार्नीची हुकमी चीज. आमच्याकडे तो चार्ट तीन वर्षं पडून होता. गेल्या वर्षी भरदार सुराच्या एक बॅरिटोनवाल्या बाई आल्या, तेव्हा मी तो बाहेर काढला.

यंदा यादीत दहा चार्ट आहेत. काळ्या कागदाचा एकच, तोही मध्यंतरानंतर लगेच, ओठ ताजे असताना. ‘लिल डार्लिन’ची तालीम दर मंगळवारी सगळ्यात आधी होते, आणि अजून आम्ही दुसऱ्या पानावर पळतो.