गलिव्हरच्या चारही सफरी मुलांना घडवा

भाताची लावणी उरकली, की आपल्या चिंचोटी-कामणकडच्या घरांना संध्याकाळी थोडी उसंत मिळते. अशा वेळी मुलांच्या हाती द्यायला एक पुस्तक सुचवावेसे वाटते : गलिव्हरच्या सफरी.

जोनाथन स्विफ्ट या आयरिश लेखकाचे हे इंग्रजी पुस्तक १७२६ साली निघाले. मूळ ग्रंथ मोठा, भाषा जुनी. म्हणून मुलांसाठी संक्षिप्त आवृत्त्या निघतात. मराठीतही त्या आहेत. पण निवडताना एक गोष्ट पाहा. मुळात सफरी चार आहेत आणि बऱ्याच छोट्या पुस्तकांत पहिल्या एक-दोनच असतात.

पहिल्या सफरीतली सहा इंची माणसे मुलांना आवडतातच. अंडे कोणत्या टोकाने फोडावे, यावरून त्यांची दोन राज्ये लढतात. हातभर बांधासाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या आपल्यालाही तो चिमटा बसतो!

दुसऱ्या सफरीत गलिव्हर आपल्याच किनारपट्टीवरच्या सुरतेला निघतो. वादळाने जहाज भरकटते आणि तो राक्षसी देहाच्या माणसांच्या देशात, उभ्या पिकात, कापणी करणाऱ्यांना सापडतो. शेतकरी त्याचा खेळ मांडून पैसा करतो. शेतकऱ्याची नऊ वर्षांची मुलगी मात्र त्याला मायेने जपते. तिथला राजा म्हणतो, एका कणसाच्या जागी दोन कणसे पिकवणारा माणूस साऱ्या राजकारण्यांहून मोठा. शेतकऱ्याच्या मुलाने हे वाचायला नको का?

तिसरी सफर तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. तिथले विद्वान काकडीतून सूर्यकिरण काढू पाहतात. नांगर नको म्हणून शेतात खाद्य पुरतात आणि सहाशे डुकरे सोडून जमीन उकरून घेतात. खर्च अफाट, पीक जवळजवळ नाहीच. जुन्या रीतीने नीट शेती करणाऱ्या एका सरदाराचीच शिवारे तेवढी हिरवी, आणि लोक हसतात त्यालाच! नवे बियाणे, नवे औजार जरूर घ्यावे; पण बांधावर न आलेल्याचा सल्ला पारखून घ्यावा, हे मुलाला इथे उपदेशाशिवाय कळते.

चौथ्या सफरीतले शहाणे घोडे आणि ओंगळ माणसे थोड्या मोठ्या मुलांसाठी ठेवा.

तेव्हा पुस्तक घेण्याआधी अनुक्रमणिका उघडा. तिसरी सफर गाळलेली असेल, तर डुकरांच्या नांगरटीची गोष्ट तुम्हीच सांगा. रोज चार पाने मुलाला मोठ्याने वाचू द्या, आजी-आजोबांनाही ऐकू द्या. मूल हसले, की विचारा, “असे आपल्याकडे कुठे पाहिलेस?” उत्तर गावातलेच निघेल, कदाचित आपल्या घरातलेही. ते ऐकून घ्यायची तयारी मात्र आपली हवी.